सनरूमची जमीन

आमच्या ब्रायनची एक खोड आहे. अडचणीचं काही विचारलं की हा दिसेनासा होतो. लहानपणी माळ्यावर जाऊन बसायचा, आता जमिनीखाली जातो. मी एवढंच विचारलं होतं, नाताळला मला वसईला पाठवतोस का. तर म्हणाला, "आधी सनरूमची जमीन होऊ दे, आई," आणि टॉर्च घेऊन खाली शिरला. तेव्हापासून दर शनिवारी तिथंच.

सनरूम म्हणजे घरामागची काचेची खोली. खांबांवर उभी, खालून मोकळी. व्हिटबी ह्या परदेशातल्या गावचं तळ्यावरचं वारं फळ्यांच्या फटींतून वर येतं. तळं म्हणतात, पलीकडचा काठ काही दिसत नाही. पण ऊन त्याच खोलीत येतं, म्हणून मी तिथं जमिनीवर बसते. माझी सून रोझमेरी खुर्ची आणून ठेवते. तिला वाटतं, सासूला खुर्ची दिली की सासू गप्प बसेल. मला मेथी निवडायला जमीन लागते. पाय पसरून, पाठ भिंतीला, आमच्या ओट्यावर बसायची तशी. ओट्यासमोर केळी होत्या. इथं समोर शेजाऱ्याचा झाकून ठेवलेला बार्बेक्यू. त्याच्याकडे बघत निवडते.

हे गेल्यापासून वसईचं घर बंद आहे. किल्ली माझ्या उशाखाली. शेजारची रजीना परवा फोनवर म्हणाली, ओट्यावर शेवाळ चढलंय. ते ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

ब्रायनने फळ्यांखाली तुळयांच्या मधे गुलाबी कापूस भरला. इन्सुलेशन म्हणतात त्याला. खालून प्लाय मारायचा तेवढा राहिला होता. इकडे नाताळ जवळ आला. आमच्यात नाताळाआधी ओटा धुतात. बादल्या ओतायच्या, खराट्यानं घासायचं, पाणी केळींना जातं. दोघं कामाला गेली तेव्हा मी सनरूम तशीच धुवायला घेतली. बादली ओतली की पाणी गुडुप. म्हटलं, पोरानं उतार बरा काढलाय. आणखी ओतलं.

संध्याकाळी ब्रायनने खाली वाकून पाहिलं, तर कापूस ओल्या गादीसारखा लोंबत होता. थोडा बर्फावर पडला होता.

"मम्मी, मॉप होता ना वॉशरूममध्ये," रोझमेरी म्हणाली.

"मॉप फिरवला म्हणजे घाण फिरून आली. धुतलं म्हणजे धुतलं."

ब्रायन ओला कापूस पिशवीत भरत राहिला. ओरडला असता तर मीही ओरडले असते, मोकळी झाले असते. शनिवारी तो पुन्हा खाली गेला. या वेळी कापूस नाही. फोमचे जाड बोर्ड कापून बसवत होता, फटींत डब्यातला फुगून घट्ट होणारा फेस मारत होता. मी वर आडवी झाले आणि फळीला कान लावला.

"ब्रायन, थंडी नाही वाजत?"

"वाजते."

"मग वर ये. मी विचारलं होतं त्याचं काय झालं?"

बोर्ड कापल्याची करकर थांबली. "जमीन गरम झाली तर तू इथंच बसशील ना, आई?"

"हे उत्तर झालं?"

बोर्ड खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "पप्पा गेले तेव्हा मी विमानात होतो. तू तिकडे गेलीस की परत येणार नाहीस. मला माहीत आहे."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. किल्ली उशाखाली ठेवणारी बाई परतीचा विचार कुठं करते? खालून तो ठोकायला लागला. तो ठोकत होता तिथंच मी हात ठेवला. फळीतून ठोके तळव्याला लागत होते. वारं येत नव्हतं.

प्लाय मारून तो वर आला. केसांत फेस वाळलेला, ओठ निळे. माझ्यासमोर जमिनीवर बसला, माझ्याकडे न बघता.

मी म्हटलं, "ब्रायन, काम चांगलं केलंस. मेथी मी इथंच निवडीन, पण जानेवारीपासून. नाताळला माझा ओटा मीच धुणार. जायचं-यायचं, दोन्ही तिकिटं काढ. आणि मी येईपर्यंत ह्या जागेवर रोझमेरीची खुर्ची ठेवू देऊ नकोस."