आधीचं बरं की हे?

चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं लोकांच्या नाकावर भिंगं चढवून झाल्यावर चष्माकाकूंनी एकदम लोकांच्या पायांकडे मोर्चा वळवला. वय बावन्न. दुकानातली नोकरी सकाळची. संध्याकाळी घरच्या घरी तळव्यांवर दाब देऊन उपचार करायचे, असा बेत. लेक परगावी नोकरीला गेल्यापासून तिची खोली रिकामीच होती. काकूंनी कपाट सरकवलं, पडदे बदलले, उंच पलंग आणला आणि अजून शिकणं पुरं व्हायचं होतं तरी दाराबाहेर लावायची पाटीसुद्धा रंगवून घेतली. दम धरणं हे काकूंच्या स्वभावातच नव्हतं.

घोडं अडलं ते प्रमाणपत्रापाशी. सहा महिन्यांच्या वर्गाच्या शेवटी वीस जणांवर सराव करायचा आणि प्रत्येकाकडून अभिप्रायाचा फॉर्म भरून आणायचा, असा नियम होता. काकूंनी शेजारपाजार आणि चुलत-मावस गोतावळा सगळा पालथा घालून वीस फॉर्म नेऊन दिले. शिकवणाऱ्या बाईंनी ते चाळले आणि बाजूला ठेवले.

"सगळ्यांना सगळंच छान वाटलं? ही माणसं आहेत की शुभेच्छापत्रं?"

बाईंचं चुकत नव्हतं. खुद्द नवरा दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागला होता, आणि उठल्यावर त्याने 'अत्यंत परिणामकारक' असं लिहून खाली झोकात सही ठोकली होती.

"शनिवारपर्यंत एक तरी खरं बोलणारं माणूस आणा," बाई म्हणाल्या. "नाहीतर पुढच्या तुकडीत पुन्हा बसा."

पुन्हा बसायला काकूंची ना नव्हती. पण वीसही जणांनी तोंडदेखलं कौतुक केलं असेल, आपल्या हातात मुळात काहीच नसेल, ही शंका एकदा मनात शिरली ती काही केल्या निघेना. रात्री जेवणसुद्धा गोड लागलं नाही.

"खरं बोलणारं माणूस हवंय ना?" नवरा म्हणाला. "मग ताईला बोलाव."

थोरल्या नणंदबाईंनी सव्वीस वर्षांत काकूंच्या एकाही कामाला बरं म्हटलं नव्हतं. आमटीपासून बाळंतपणापर्यंत सगळ्यात खोट काढून झाली होती.

"त्या माझ्या फॉर्मचा ग्रंथ करतील!"

"करू दे की. बाईंना हवंच आहे ते."

गुरुवारी नणंदबाई दहा मिनिटं आधीच हजर झाल्या आणि "अजून तयारी नाही वाटतं?" असं दारातूनच विचारत्या झाल्या. मोजे काढून पलंगावर आडव्या झाल्या, चष्मा चढवला आणि हात पुढे केला.

"आण तो फॉर्म. लक्षात असतानाच लिहिलेलं बरं."

काकूंनी तळहाताला तेल चोळून डावा पाय हातात घेतला.

"हात गार," नणंदबाई पुटपुटल्या आणि तसं लिहिलं. "उशी टणक."

काकूंनी अंगठ्याने टाचेजवळ दाब दिला आणि दुकानातल्या सवयीने विचारलं, "आता कसं वाटतंय? बरं, आणि आता? आधीचं बरं की हे?"

"अगं, पाय दिलाय तुला, डोळे नाही!" नणंदबाई कडाडल्या. "आधीचं कळायच्या आत तुझा पुढचा प्रश्न तयार. सगळ्यांना असंच छळलंस की काय?"

छळलं होतं. वीसच्या वीस जणांना. बिचारे 'दोन्ही छान' म्हणून कशीबशी सुटका करून घेत होते. काकूंचा चेहरा पार उतरला.

"बडबड फार," नणंदबाईंनी लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. "आता तोंड मिट आणि कर तुझं काम."

काकूंनी तोंड मिटलं. जिवावरच आलं होतं, पण मिटलं. बोलायचं नाही म्हटल्यावर करायला पायाशिवाय दुसरं काही उरलं नाही. टाचेला भेगा होत्या, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती, घोटा सुजून टम्म झाला होता. काकूंचा अंगठा आपोआप सावकाश फिरायला लागला.

बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं की पेनही थांबलंय. नणंदबाई छताकडे बघत होत्या. दुखावलं की काय, या धास्तीने काकूंनी दाब हलका केला.

"हे गेल्यापासून मला कुणी हात लावला नाही गं," नणंदबाई म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली. डॉक्टर सोडून कुणीच नाही."

काकूंना भडभडून आलं. सव्वीस वर्षं त्या या बाईला नुसत्या घाबरत आल्या होत्या. ती एवढी एकटी असेल, हे एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

"हे काही फॉर्मात लिहायचं नाही हं," नणंदबाईंनी दरडावलं आणि चष्म्याखालून डोळे पुसले. मग घाईघाईने कोपरावर उठायला लागल्या. "झालं ना तुझं? चल, निघते मी. कामं पडलीत घरी."

काकूंनी पाय सोडला नाही.

"पडा हो वन्सं," त्या म्हणाल्या. "दुसरा पाय राहिलाय."