लाल सुताची टेप

साहेब, त्या टेपेतली ती जागा रिकामी नव्हती. ती तुम्ही पुसलीत. काय पुसलंत ते आता ऐका.

भिवंडीत एका पॉवरलूमवर हौसा सुताच्या कांड्या भरायची. भावानं कुवेतहून टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, घरात आता सिनेमाची गाणी वाजणार. पण हौसा शुक्रवारच्या सुट्टीला तो पिशवीत घालून वज्रेश्वरीची एस्टी पकडायची आणि तिथून चालत जिव्याच्या पाड्यावर जायची.

जिव्या तारपा फुंकायचा. वाळक्या भोपळ्याचं लांबलचक वाद्य, पण त्याच्या तोंडाला लागलं की त्याला पाय फुटायचे. देवराम ढोलावर, देवरामची बायको मंगळी नाचणाऱ्यांच्या रांगेच्या टोकाला. ठरवून काहीच नाही. जिव्यानं चाल बदलली की पाय बदलायचे, आणि कधी पायांनीच ओढ घेतली की जिव्या मुकाट त्यांच्या मागं जायचा. एका शुक्रवारची चाल पुढच्या शुक्रवारी तशी कधीच यायची नाही. हौसा दर शुक्रवारचा नाच टेप करायची, आणि सगळ्या टेपा तिनं जपल्या. प्रत्येक डबीला लूमवरचं उरलेलं सूत गुंडाळलेलं. हिरवं सूत म्हणजे कुत्रं मध्येच भुंकलं आणि देवरामनं ढोलावर त्याला उत्तर दिलं ती. पिवळं म्हणजे नव्या भाताच्या दिवसाची.

लूमवरच्या बाया चिडवायच्या, तेच तेच पूं पूं काय ऐकतेस गं म्हणून. हौसा म्हणायची, तेच असतं तर एक टेप पुरली असती.

लाल सुताची मात्र एकच. त्या दिवशी उन्हं कलताना, नाच भरात असताना, तारप्याचे सांधे धरणारं मेण सुटलं आणि आवाज तुटला. दुसरीकडं नाच थांबला असता. इथं मंगळीनं पाय आपटून चाल धरली, देवरामनं ढोल खाली, अगदी खाली आणला, रांग आक्रसून जिव्याभोवती आली. जिव्या खोकत, हसत, मेण दाबत बसला. तेवढा वेळ चाल पायांनी सांभाळली. मग तारपा आला तो त्याच पावलावर, जणू मध्ये गेलाच नव्हता. हौसा ती जागा ऐकायची तेव्हा कांडी हातातच राहायची.

श्रावणात तुम्ही पाड्यावर आलात, साहेब. तुमच्या तालुका कचेरीच्या कार्यक्रमाला तारपा हवा होता. जिव्यानं आढ्याला टांगलेल्या तारप्याकडं बोट केलं. पेरणीला तो वर चढतो, नवा भात देवाला दाखवल्याशिवाय खाली येत नाही. तुम्ही आवाज चढवलात. त्या दिवशी हौसा तिथंच होती. म्हाताऱ्याची कटकट टळावी म्हणून तिनंच तोडगा काढला: टेप न्या. चांगली द्यावी म्हणून लाल सुताची दिली. तिला वाटलं, टेप वाजली म्हणून आढ्याचा तारपा काही खाली उतरत नाही. जिव्याही हसला.

"ते वाजून गेलंय, बाय. देव कशाला रागवंल?"

देव रागावला नाही. टेप परत आली, सूत जसंच्या तसं. हौसानं लावली. चाल चढली, मेण सुटलं, तारपा तुटला, आणि त्यापुढं पायांच्या जागी टेपेवर तुम्ही बोलायला लागलात. आदिवासींची कला जपली पाहिजे, असं बरंच काही. तुमचं संपलं तेव्हा तारपा पुन्हा वाजत होता. कुठून आला, कुणाच्या पावलावर आला, काही कळेना.

भात आला. जिव्यानं औंदा तारपा खाली उतरवला, तोंडाला लावला आणि ठेवून दिला. छातीत वारा राहिला नव्हता.

हौसा खाडा करून कचेरीत आली. तुमच्या टेबलावर टेप ठेवली. तुम्ही खुर्चीतून न हलता म्हणालात, "अहो बाई, तिथं वाद्य बंदच पडलं होतं. नुसती पायांची धपधप. बाकी तारपा शाबूत आहे ना?"

शिपाई तिला बाहेर काढायला आला. ती हलली नाही.

"तिथं मंगळी व्हती. देवराम व्हता. जिव्याबाबाचा खोकला व्हता. तारपा पडला तवा ज्यांनी त्याला धरला, ती सगळी माणसं तिथं व्हती. तुमाला तिथं कोनीच न्हाय असं कोनी सांगितलं, साहेब? बोला. मी हितंच उभी हाय."