केबिनच्या उत्तराची ओळ

खंडेनवमीला पुराचा इशारा देणाऱ्या भोंग्यांचा कॉम्प्युटर बंद करून पुजायचा, ही आमच्या पलूसच्या ऑफिसातली जुनी रीत. वर्षात तो तेवढा एकदाच बंद होतो. यंदा हळदकुंकू, झेंडू, नारळ सगळं यथासांग झालं, मी बटण दाबलं आणि भोंग्यांचं नेटवर्क काही सुरू होईना. तेवढ्यात निरोप आला, धरणातून पाणी सोडलंय. नेटवर्क नाही म्हणजे नदीकाठचे भोंगे मुके. आणि माझे वडील लालासाहेब शेताची पाण्याची मोटर वर काढायला सकाळीच नदीत उतरलेले, फोन घरी चार्जिंगला लावून! माझं डोकंच फिरलं.

"नारळ नासका निगाला, तवाच म्हनलं मी," शिपाई हरिबा बोलला. मी केबल तपासायला खाली वाकले.

केबल ठीक होती. मग कॉम्प्युटर सुरू होताना चालणारी स्क्रिप्ट, म्हणजे त्याला दिलेल्या सूचनांची यादी, उघडली. तिच्यात एक ओळ होती: नदीकाठच्या पहाऱ्याच्या केबिनमधलं मशीन उत्तर देईपर्यंत पुढे जाऊ नको. स्क्रिप्ट लिहिणारे मुजीबचाचा आता निवृत्त होऊन शिरवळला लेकीकडे असतात. त्यांना फोन लावला.

"मीच घातली ती. गुंडा केबिनीत पूजा करून आपलं मशीन लावायचा. त्येच्याबिगर आपुन कसं सुरू करायचं?" चाचा म्हणाले. "काढ पोरी ती ओळ. आता कोन उत्तर देनार?"

यंदाच्या श्रावणातल्या पुरात केबिन वाहून गेली, पहारेकरी गुंडासकट. तो सापडलाच नाही. मी ओळ पुसली, तेव्हा उगाच अपराधी वाटलं. नेटवर्क सुरू झालं, भोंगे वाजले.

अर्ध्या तासानं वडील चिखलानं माखलेले दारात उभे. माझा जीव भांड्यात पडला. त्यांचे ओठ मात्र पांढरे पडले होते.

"भोंग्याच्या आदीच हाक आली मला, वर निगा म्हनून. केबिनीच्या जागंवर गुंडा हुता, कमरंएवढ्या पान्यात. म्हनलं, चल रं वर. तर म्हनतो, आवं आबा, तुमी व्हा म्होरं. हापिसात माझ्या उत्तरासाठनं थांबल्यात, तेवढं दिऊन येतो."

हरिबाच्या हातातलं प्रसादाचं ताट खाली पडलं. मी स्क्रीनकडे वळले. केबिनमधल्या मशीनच्या पत्त्यावरून उत्तर आलं होतं, भोंगे वाजल्यावर चार मिनिटांनी. त्यानंतर दर मिनिटाला एक येतच होतं. त्याच्यासाठी थांबणारी ओळ मी पुसून टाकली होती.