वुरूदची साखर

लग्न होऊन वुरूद बसऱ्याजवळच्या अबुल-खसीबला आली तेव्हा तिच्या आजाराबद्दल दोन्ही घरांत आधीच बोलणं झालेलं होतं. शाळेत असतानाच तिला मधुमेह झाला होता. तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नव्हतं, ते रोज टोचून घ्यावं लागे आणि जन्मभर घ्यावं लागणार होतं. अकीलला यात काही वावगं वाटलं नाही. तो बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर कामाला होता आणि मुळात कमी बोलायचा. त्याच्या आईनं, उम्म अकीलनं, मात्र बरेच दिवस विचार केला आणि मग "पोरगी गुणी आहे, बाकीचं अल्ला बघेल" म्हणून होकार कळवला.

"हे उन्हानं मरतं, अम्मा," नव्यानव्यात वुरूदनं सासूला इन्सुलिनच्या पेनांचा डबा दाखवत सांगितलं होतं. "थंड राहिलं पाहिजे."

उम्म अकीलनं ते मनावर घेतलं. वीज गेली की आधी फ्रिजचं दार कुणी उघडत नाही ना हे ती बघायची. पाहुण्यांनाही पाण्यासाठी माठाकडे पाठवायची.

जुलैत वुरूद बहिणीच्या बाळंतपणासाठी माहेरी, नासिरियाला गेली. सोबत चालू असलेली पेनं नेली, नवा डबा घरीच ठेवला. त्याच दिवसांत गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. गल्लीच्या जनरेटरवरही इतका ताण आला की मालकानं तो बंदच ठेवला. बाहेर पन्नास अंश. स्वतःचा जनरेटर होता तो फक्त शेजारच्या उम्म सज्जादकडे, आणि तिच्याकडे एक आडवा मोठा फ्रीझरही होता. उम्म अकीलनं मासे नेऊन ठेवले, मटण ठेवलं आणि इन्सुलिनचा डबा आपल्या ओढणीत गुंडाळून नेला.

"हे कुठं ठेवू?" उम्म सज्जादनं विचारलं.

"अगदी तळाशी. जिथं जास्त गार असेल तिथं. सुनेचा जीव आहे त्यात."

वीज आली तेव्हा तिनं सगळं परत आणलं. डबा फ्रिजच्या दारात जिथं होता तिथं ठेवला. वुरूद परतेपर्यंत पेनांमधलं औषध पूर्वीसारखंच स्वच्छ, नितळ दिसत होतं, आणि सांगण्यासारखं काही घडलं आहे असं उम्म अकीलला वाटलंच नाही.

माहेराहून आल्यावर वुरूदनं नवी पेनं उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी साखर तीनशेच्या पुढं. प्रवास झाला, माहेरी भात जास्त झाला असेल, असं म्हणून तिनं वरचा डोस घेतला. दुपारी आकडा आणखी चढला होता. तिनं भात सोडला, भाकरीसारखा खुब्ज सोडला, उकडलेली अंडी आणि काकडी एवढ्यावर आली. आकडा हलेना. मग पेनच बिघडलं असेल म्हणून त्याच डब्यातलं दुसरं काढलं. तेही तसंच. दोन-दोन पेनं एकदम कशी बिघडतील, असा विचार करून तिनं दोष स्वतःवर घेतला. आपलंच काहीतरी चुकतंय, मोजमापात गफलत होतेय, असं तिला वाटायला लागलं.

घशाला सारखी कोरड पडायची. ती घागरभर पाणी प्यायची आणि सारखी मोरीकडे जायची. उम्म अकील ते बघत होती. खजूर भरलेल्या बिस्किटांचा, क्लेच्याचा डबा कपाटात होता, तोही तिनं एकदा हलवून बघितला. हलका लागला. खरं तर अकील रोज कामावर जाताना चार खिशात घालून नेत होता.

"वुरूद, खरं सांग हं," तिनं भाजी चिरता चिरता विचारलं. "गोडाकडे हात जातो का? मी ओरडणार नाही."

"नाही, अम्मा."

"आमच्या वेळी नव्या नवरीला भूक लागायची, मागायची लाज वाटायची. मी समजू शकते."

"मी काही खात नाहीये. अंडीच खातेय फक्त."

"अंड्यानं कधी साखर चढते?"

वुरूदनं काकडी सोलायला घेतली. उम्म अकीलनं विषय सोडला, पण संध्याकाळी उम्म सज्जादपाशी बोलून टाकलं. पोरगी चांगली आहे, पण जिभेवर ताबा नाही.

त्यानंतर एका सकाळी वुरूदला उलट्या सुरू झाल्या. उम्म सज्जादला वाटलं गोड बातमी असेल, तिनं भिंतीवरून तसं विचारलंही. वुरूदला मात्र कळलं होतं. लघवी तपासायची पट्टी गर्द जांभळी झाली होती, म्हणजे रक्तात आम्ल साचत होतं. यंत्रानं आकडा दाखवायचंच सोडून दिलं होतं, साखर त्याच्या मोजण्यापलीकडे गेली होती. श्वास खोल आणि भराभर चालला होता.

"अकीलला फोन करा," ती म्हणाली. "आणि मला दवाखान्यात न्या. थांबू नका."

दवाखान्यात तिला सलाइन लावलं, त्यांचं इन्सुलिन शिरेतून सुरू केलं. साखर तासातासाला उतरायला लागली. संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या, कागद बघितला आणि खाटेच्या कडेला टेकल्या.

"आमच्या इन्सुलिननं लगेच उतरली. घरच्यानं का उतरली नाही? कुठं ठेवता ते?"

"फ्रिजमध्ये," अकील म्हणाला.

"उन्हात पडलं होतं का? गाडीत राहिलं? गोठलं?"

"छे. आई त्याला स्वतःपेक्षा जपते."

उम्म अकीलनं डोक्यावरची अबाया सारखी केली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. डॉक्टरीणबाई गेल्या. अकील चहा आणायला खाली गेला. तेव्हा ती खुर्ची ओढून खाटेजवळ आली.

"गोठलं तर काय होतं गं त्याला?"

"मरतं. उन्हानं मरतं तसंच."

"पण दिसायला तर तसंच होतं."

वुरूदनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. उम्म अकीलनं मग सगळं सांगितलं. ट्रान्सफॉर्मर, मासे, ओढणी, फ्रीझरचा तळ. सांगताना तिनं आवाज खाली येऊ दिला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही.

वुरूदला आधी सुटल्यासारखं वाटलं, आपण वेड्यासारखं काही केलेलं नव्हतं. मग राग आला. अंडी आणि काकडी खाऊन काढलेले दिवस आठवले, क्लेच्याचा डबा हलवल्याचा आवाज आठवला. पण राग धरून ठेवायलाही अंगात त्राण हवं होतं.

"मी तुम्हाला ऊन सांगितलं," ती म्हणाली. "बर्फाचं सांगितलं नाही."

"सांगितलं असतंस तर मी विसरले नसते."

"हो. ते खरं."

"अजून एक आहे." उम्म अकीलनं बोटातली अंगठी फिरवली. "तू चोरून खातेस, असं मी उम्म सज्जादला बोलले. म्हणजे गल्लीला कळलं असणार."

वुरूदनं चादर वर ओढली.

"मग तुम्हीच परत जाऊन सांगा," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

अकीलला आईनं घरी जाताना गाडीत सांगितलं. घरी आल्यावर त्यानं फ्रिजच्या दारातला डबा काढला, दवाखान्यात परत द्यायला वेगळा बांधून ठेवला आणि नव्या डब्यासाठी बसऱ्यातल्या औषधांच्या दुकानांत फोन करत बसला.

वुरूद घरी आल्यावर उम्म अकील उम्म सज्जादच्या अंगणात गेली. तिथं दुपार कलल्यावर बायका चहाला जमायच्या. उम्म अकील गल्लीत कुणापुढं नमतं न घेणारी म्हणून ओळखली जायची. तिनं चहाचा पेला हातात घेतला, पण प्यायली नाही.

"माझ्या सुनेनं गोडाला हात लावला नव्हता. तिचं औषध मी मारलं. तुझ्या फ्रीझरमध्ये गोठवून."

"म्हणजे आता दोष माझ्या फ्रीझरचा?" उम्म सज्जाद म्हणाली.

"फ्रीझरनं मला बोलावणं धाडलं नव्हतं. मीच आले होते."

दोघीतिघी हसल्या. उम्म सज्जाद मात्र हसली नाही. तिनं किटली खाली ठेवली.

"आमच्या अबूंचं इन्सुलिन पण त्यातच असतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"उन्हाळा लागल्यापासून. लागेल तसं एकेक काढून वितळायला ठेवते."

तिचे सासरे सावलीत बाकावर पहुडले होते. गेले काही महिने त्यांची साखर कशानंच उतरत नव्हती, म्हणून घरानं त्यांचा खजूर बंद केला होता, खिसे तपासले होते, नातवंडांना पहाऱ्यावर बसवलं होतं. म्हातारा कोपरावर रेलून उठला.

"मी चोर नव्हतो, हे आता सिद्ध झालं?"

"झालं, अबू."

"मग खजूर आणा."

"खजूर नाही मिळणार. नवं औषध मिळेल."

म्हातारा पुन्हा आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ काहीबाही पुटपुटत राहिला. त्यांच्या घरचं औषध त्याच दिवशी बदललं.

वुरूदनं आता पेनं दोन ठिकाणी ठेवली. एक डबा फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यापासून लांब, आणि एक जोडी माहेरी. सासूला तिनं बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. किती गार चालतं, डोस घेऊनही साखर उतरली नाही तर औषधावर आधी संशय घ्यायचा, उलटी झाली तर वाट बघायची नाही. उम्म अकील मध्येमध्ये थांबवून पुन्हा विचारायची. दोघींत पूर्वीसारखा मोकळेपणा यायला मात्र वेळ लागला. काही आठवडे त्या एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या.

हिवाळ्यात वुरूदला ताप आला आणि साखर पुन्हा चढली.

"काय खाल्लंस?" उम्म अकीलनं विचारलं, आणि लगेच हात वर केला. "नको सांगूस. आधी पेन बदल."

पेन बदलून फरक पडला नाही, कारण या वेळी ते तापामुळंच होतं. वुरूदनं पट्टी तपासली, डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितला तेवढा डोस वाढवून घेतला आणि पाणी पीत पडून राहिली. सासू अधूनमधून दारात येऊन आकडा विचारून जात होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साखर खाली आली.