ज्याची चकती त्यानेच फिरवावी

"कुलूप लावण्याआधी एकदा फळीकडे बघत जा, सिडसेल. एक जरी चकती काळी दिसली, तरी कुलूप लावायचं नाही."

म्हातारा थोरकिल हे सांगत होता तेव्हा गावच्या संग्रहालयात काम करणाऱ्या सिडसेलचं लक्ष खिडकीबाहेर होतं. बाहेर भिंतीच्या आडोशाला बाबागाडी उभी होती. तिच्यात सिडसेलची छोटी एल्वा लोकरीत गुरफटून गार हवेत झोपली होती, आमच्याकडची सगळी बाळं झोपतात तशी.

"थोरकिल, मला नजर ठेवायला एक बाळ आहे, तेवढं पुरे. आता फळीवरही नजर ठेवू?"

"बाळ निदान रडतं. फळी रडत नाही."

"मग बरंच आहे की!" ती हसली आणि कपबशा विसळायला गेली.

मित्रांनो, ती फळी म्हणजे मी. मी एक जुनी ओकच्या लाकडाची फळी आहे, आणि मला रडता येत नाही हे थोरकिलचं म्हणणं अगदी खरं आहे. येत असतं, तर त्या शनिवारी मी आमचं सगळं ग्रोविग गाव गोळा केलं असतं.

माझा जन्म एका फुटक्या होडीतून झाला. ती खडकावर आपटली, तिच्यावरची माणसं मात्र पोहत काठाला लागली. बंदरावरच्या सुताराने तिच्या पोटातली सर्वांत धड फळी काढली, ती मी. त्याने मला रंधून गुळगुळीत केलं, माझ्यावर खिळे ठोकले आणि प्रत्येक खिळ्यावर एक लाकडी चकती अडकवली. चकतीची एक बाजू पांढरी, दुसरी काळी. दोन्ही बाजूंना एकेका घराची खूण कोरलेली. कोणाची माशाची शेपटी, कोणाचा नांगर, कोणाच्या नुसत्या तीन रेघा. तेव्हा गावात वाचणारे थोडे होते, पण आपल्या घराची खूण शेंबड्या पोरालाही ठाऊक असायची.

मग मला बंदरावरच्या मिठाच्या कोठारात, दाराशेजारी टांगलं. माझं काम सोपं होतं. समुद्रावर जाताना प्रत्येकाने आपली चकती काळी करायची आणि परत आलं की पांढरी करायची. नियम एकच होता, पण कडक. ज्याची चकती त्यानेच फिरवायची. बायकोने नाही, मुलाने नाही, पाद्रीबाबांनीसुद्धा नाही. माणूस स्वतःच्या पायांनी कोठारात येऊन स्वतःच्या हाताने चकती फिरवेल, तेव्हाच तो परत आला असं गाव मानत असे.

काय दिवस होते ते! संध्याकाळी बायका मीठ न्यायच्या निमित्ताने यायच्या. खरं म्हणजे त्या मला बघायला यायच्या. सगळ्या चकत्या पांढऱ्या दिसल्या की त्यांच्या जिभा सैल सुटायच्या. एखादी चकती काळीच राहिली, की कोणी हाक न देताही माणसं होड्या लोटायला धावायची. बंदराचा अधिकारी माझ्यासमोरून जाताना टोपीला हात लावायचा. काही चकत्या काळ्याच राहिल्या, हेही सांगायला हवं. त्या खिळ्यावरून काढून त्या त्या घरी नेऊन दिल्या गेल्या.

पुढे मोठ्या बोटी आल्या आणि त्या मोठ्या बंदरांना लागू लागल्या. आमचं बंदर ओस पडलं. मला तळघरात टाकलं गेलं, रंगाचे डबे ठेवायला. कोणीतरी माझ्यावर मासेही कापले. त्याबद्दल मी फार बोलत नाही.

मग गावकऱ्यांनी मिठाच्या कोठाराचं संग्रहालय केलं. मला वाटलं, चला, आपले दिवस आले! मला धुतलं, पुसलं, पूर्वीच्याच जागी टांगलं आणि खाली पाटी लावली: 'चाव्या अडकवण्याची फळी.'

चाव्या! मित्रांनो, ज्या गावात कोणी दाराला कुलूपच लावत नसे, त्या गावात एवढ्या चाव्या कशाच्या? संग्रहालयाच्या प्रमुख ग्रेठबाईंना थोरकिलने हे किती वेळा सांगितलं. त्या म्हणायच्या, "हो रे, बदलू या पाटी. उन्हाळ्यानंतर." उन्हाळे आले, उन्हाळे गेले.

शेवटी थोरकिल वैतागला. त्याने घरून त्याच्या बापाची चकती आणली, माशाच्या शेपटीची, आणि माझ्या एका रिकाम्या खिळ्यावर अडकवली. तो संग्रहालयामागच्या होडीघरात एक जुनी होडी दुरुस्त करायला यायचा. त्याला ना बायको, ना मूल. होडीघरात जाताना तो चकती काळी करायचा, घरी निघताना पांढरी. लोक हसायचे.

"काय थोरकिल, आज कुठवर गेला होतास? आइसलँडपर्यंत?"

"तुझ्या सासूपर्यंत. वादळ तिथंच जास्त आहे."

मला मात्र पुन्हा काम मिळालं होतं. एकाच चकतीचं का होईना, पण काम.

आता त्या शनिवारचं सांगते. सांगताना अजून माझी शीर उठते, म्हणजे लाकडाला जी असते ती.

त्या दिवशी संग्रहालयात लोणी काढायचा कार्यक्रम होता. लाकडी पिंपात दांडा वरखाली करायचा आणि सोबत मोठ्याने गाणं म्हणायचं. मुलांनी कोठार डोक्यावर घेतलं होतं. लोणी येईपर्यंत ज्यांना धीर नव्हता, ती मुलं माझ्यापाशी येऊन चकत्या गरागरा फिरवत होती. काळी, पांढरी, काळी, पांढरी. मी काय बोलणार? पाटीवर तर चाव्यांची फळी लिहिलेलं!

मधेच थोरकिल कॉफी प्यायला आला. हात डांबराने माखलेले.

"कशाला हात लावू नकोस हं," सिडसेल म्हणाली. "लोण्याला डांबराचा वास लागेल."

"मग निदान चव तरी येईल त्याला," म्हणत त्याने उभ्या उभ्या कॉफी संपवली, माझ्यापाशी आला, पोरांनी पांढरी करून ठेवलेली आपली चकती अंगठ्याने पुन्हा काळी केली आणि मागच्या दाराने होडीघरात गेला.

थोड्या वेळाने मागून धाड असा आवाज झाला. मी तो भिंतीतून ऐकला. नंतर थोरकिलची हाक ऐकली. मग आणखी एक. इकडे मुलं गाण्याचं तेच कडवं पुन्हा पुन्हा ओरडत होती आणि आया टाळ्या वाजवत होत्या. एकीनेही मान वळवली नाही.

लोणी आलं. राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावावर लावून सगळ्यांनी खाल्लं. मुलं गेली. सिडसेलने फरशी पुसली, पिंप धुतलं, आणि दर वेळी हात थांबवून खिडकीतून बाबागाडीकडे बघितलं. वारा सुटला, तिने बघितलं. समुद्रपक्षी ओरडला, तिने बघितलं. मला वाटत होतं, अगं, एवढी बघतेस, एकदा इकडेही बघ!

आणि तिने बघितलं. मी हरखले. ती माझ्याकडे चालत आली. पण तिच्या कपाळावर आठी होती, पसारा दिसल्यावर येते ती.

"काय करून ठेवलंय या पोरांनी," ती पुटपुटली, आणि एकेक काळी चकती फिरवून पांढरी करू लागली.

नांगर पांढरा केला. तीन रेघा पांढऱ्या केल्या. मी मनात ओरडत होते, नको, ती नको, ती पोरांनी नाही फिरवलेली! तिने माशाची शेपटी धरली आणि पांढरी केली. मग दोन पावलं मागे सरून समाधानाने बघितलं. सगळं कसं नीटनेटकं.

माझ्या अख्ख्या आयुष्यात मी कधी खोटं बोलले नव्हते. वादळात नाही, धुक्यात नाही. आणि आता माझ्याच अंगावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं: थोरकिल घरी पोचला. मागे तो होडीघरात पडला होता, आणि मी साऱ्या जगाला सांगत होते, काळजी नको.

सिडसेलने दिवा मालवला. बाहेरून कुलूप लावलं. खिडकीतून मला ती बाबागाडीवर वाकलेली दिसली. तिने एल्वाच्या गालावर सरकलेली टोपी नीट केली, आणि थबकली.

बाळाच्या गालावर काळा फराटा उमटला होता.

मित्रांनो, ती किती घाबरट आई आहे हे मी रोज बघत होते, आणि तिच्या घाबरटपणाचा मला रागही यायचा. त्या क्षणी मात्र मी त्याचे उपकार मानले. दुसरी कोणी असती तर थुंकी लावून पुसून मोकळी झाली असती. सिडसेलने रुमालाने पुसलं, रुमालाचा वास घेतला, मग स्वतःचं बोट नाकाशी नेलं. डांबर. ओलं डांबर. ती उभी राहिली आणि आज कशाकशाला हात लावला ते आठवू लागली. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. पिंप, पाव, कपबशा...

मग तिने काचेतून सरळ माझ्याकडे बघितलं.

कुलूप उघडताना तिच्या हातून किल्ली पडली. ती आत धावली आणि माझी माशाची शेपटी उलटून बघितली. काळ्या बाजूवर काळं डांबर मघाशी दिसलं नव्हतं. आता बोटाला चिकटलं.

"ही त्याने फिरवलेली होती," ती म्हणाली. "आणि मी..." ती मागच्या दाराकडे पळाली.

"थोरकिल! थोरकिल, कुठे आहेस?"

"होडीखाली," आवाज आला, खोल आणि थकलेला. "टेकू निसटला. पाय अडकलाय. घसा बसला हाका मारून. लोणी काढत होतात की डोंगर फोडत होतात?"

"बोलू नकोस. हलू नकोस. मी आत्ता फोन करते."

"बोलू नको तर काय करू, गाणं म्हणू? ते तुमचं कडवं पाठ झालंय मला." मग तो हळूच म्हणाला, "सिडसेल, फळीकडे बघितलंस ना तू?"

ती रडायला लागली. खरं काय झालं ते तिने त्याला तिथेच, त्याचा हात धरून सांगितलं. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. रुग्णवाहिका निघून गेल्यावर ती माझ्यापाशी आली आणि माशाची शेपटी पुन्हा काळी करून ठेवली. कारण तो अजून परत आला नव्हता. परत आला की तोच फिरवणार होता.

गोष्ट इथे संपली असती तर मी तक्रार केली नसती. पण गावभर माझं नाव झालं. ग्रेठबाईंनी एकदाची पाटी बदलली. 'एका माणसाचे प्राण वाचवणारी फळी!' आणि माझा मान म्हणून माझ्यावर काच बसवली. जाड, कुलूपबंद काच.

"ग्रेठ, थोरकिलला आधी चकती फिरवू दे," सिडसेल भांडली. "तो हॉस्पिटलातून येईपर्यंत तरी थांब."

"अगं, डांबर लागलेली ती काळी चकती हीच तर खरी आठवण! लोकांना तीच बघायची आहे."

म्हणजे माझा गौरव झाला आणि माझं काम गेलं. मित्रांनो, वस्तूची काळजी घेणं म्हणजे तिला काचेत घालणं नव्हे. ती कशासाठी होती हे विसरलात, तर पुसलेली धूळ काय कामाची?

आता हिवाळा आहे. संग्रहालय वसंतापर्यंत बंद. सिडसेल नवऱ्याच्या नोकरीसाठी एल्वाला घेऊन शहरात गेली. जाताना काचेवर हात ठेवून म्हणाली, "वसंतात ही काच उघडून घेईन. तुला वचन." थोरकिल काठी टेकत घरी आला, असं खिडकीखालून जाणारे दोघं बोलताना मी ऐकलं. टेकडीवर, पिवळ्या घरात, एकटाच. उतार निसरडा आहे, त्यामुळे तो इथवर येत नाही. त्याची चकती अजून काळीच आहे. आणि होडी लोटायला कोणी धावत नाही, कारण सगळ्यांना वाटतं, ती तर मांडून ठेवलेली वस्तू आहे.

म्हणून तुम्हाला विचारते. कोणी टेकडीकडे जाणार आहे का? धुराड्यातून धूर दिसतो का, एवढं बघून परतू नका. आत जा. तो टोमणे मारेल, मारू द्या. कॉफी देईल, ती प्या. येताना माझ्या खिडकीवर टकटक करा. मला कळेल.

आणि ग्रोविग तुम्हाला लांब पडत असेल, तर तुमच्या गल्लीत, तुमच्या जिन्यावर, ज्याच्याबद्दल सगळे 'असेल की घरातच' म्हणतात, त्याच्याकडे जा. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावर विसंबू नका. त्याचं दार वाजवा, आणि तो स्वतःच्या हाताने ते उघडेपर्यंत तिथून हलू नका.