नवीचे शंभर टक्के

मी या बोटीतली जुनी बॅटरी बोलतेय. अंगाने शिशाची, स्वभावाने सोशिक आणि उचलायला दोन माणसं लागावीत एवढी जड. माझ्याविषयी तक्रार एकच: मी किती भरलेली आहे, हे मी चेहऱ्यावर दिसू देत नाही.

कारखान्यातून निघाले ती थेट या बोटीत, पायऱ्यांजवळच्या उजव्या खोक्यात आले. इंजिन सुरू करायचं, पाणी उपसणारा पंप चालवायचा, केबिनमधला छोटा दिवा लावायचा, ही माझी कामं. कौतुक कोणी केलं नाही. ते मला अपेक्षितही नव्हतं.

मालक आयुष्यभर वजनमापांचे तपासनीस होते. ते निवृत्त झाले आणि त्यांना सुधारणा सुचू लागल्या. अशातच एका सकाळी इंजिनाने नुसतीच उचकी दिली. माझ्या टोकांवर पांढरी पूड साचली होती, ती गरम पाण्याने धुतली असती तरी भागलं असतं. पण धुण्याला कोणी सुधारणा म्हणत नाही.

वायरमन आला. लिथियमची नवी बॅटरी आली; तिला माझा चार्जर मानवेना म्हणून नवा चार्जर, त्याच्या जोडीला छतावर सौर पॅनेल आणि इंजिनावर चालता चालता वीज बनवणारा नवा अल्टरनेटर. वाढणारे तिघे, जेवणारी एक, आणि तीही पोट भरलेली! तिच्या डोक्यावर एक मीटर बसला. मला धक्क्यावर काढून ठेवलं.

त्याबरोबर बोट डावीकडे कलली, कारण नवी माझ्या निम्म्या वजनाचीही नव्हती. मालकांचा चहा टेबलावरून चालू लागला. निरुपायाने मला परत आत आणलं, पण जोडलं नाही. अशा रीतीने मी निव्वळ वजन म्हणून नोकरीत कायम झाले.

मीटरवर शंभर टक्के उमटले आणि मालकांची दृष्टी तिथेच खिळली. एकदा मालकीणबाई दिवा लावून वाचत बसल्या.

"अगं, बंद कर! गेला की एक!"

"अहो, बाहेर ऊन आहे. भरेल परत."

"भरेल गं. पण मधल्या काळात नव्याण्णवच ना?"

मालकीणबाईंची मोठी बहीण खाडीपलीकडे राहते. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तिला इकडे येववत नव्हतं, आणि पलीकडे जायला बोटीशिवाय वाट नाही. "येत्या रविवारी नक्की," असं मालक दर आठवड्याला म्हणत. रविवार उजाडे, पण इंजिन सुरू करायचं म्हणजे आकडा उतरणार! एकदा मालकीणबाई फोनवर म्हणाल्या, "नाही गं ताई, बोटीला काही झालेलं नाही. एकदम ठणठणीत आहे, म्हणून तर निघत नाही."

पलीकडून ताईचा आवाज माझ्यापर्यंत आला: "मग एखादी मोडकी बघून ये!"

फोन ठेवून त्या पायरीवर बसल्या. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

"अहो, या जुनीचा आकडा कुठे दिसतो?"

"तिला मीटर नाही."

"म्हणजे तिच्यातली वीज खर्च झाली, तरी दिसणार नाही?"

मालक विचारात पडले. जे मोजलेलंच नाही ते घटलं असं म्हणता येत नाही, ही गोष्ट त्यांच्यातल्या तपासनिसाला बिनतोड वाटली. "दिसणार नाही," ते सावकाश म्हणाले. "मग हरकत नाही."

"पाना द्या इकडे."

मालकीणबाईंनी माझी टोकं गरम पाण्याने धुतली. रात्रभर जुन्या चार्जरवर मी पोटभर जेवले. सकाळी इंजिनाच्या तारा नवीवरून काढून मला जोडल्या, केबिनमधला दिवा तेवढा तिच्याकडे राहिला, आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. मालक वाटेत एकदाही पाण्याकडे बघेनात. "एवढी खाडी ओलांडली," ते धक्क्यावर उतरताच गरजले, "पण शंभरचे शंभर!"

"या," काठी टेकत पुढे आलेली ताई म्हणाली. "माझेही दोन्ही गुडघे बघता का मोजून?" बहिणी एकमेकींना बिलगून हसत होत्या, त्यांतली एक रडतही होती.

आता दर रविवारी मीच जाते. नवी मात्र समोर तुडुंब भरून बसलेली असते. नुसती भरून ठेवली की तिची जात लवकर म्हातारी होते, हे कोणी मालकांना सांगत नाही. परवा ती हळूच म्हणाली, "आजी, नव्याण्णव असताना कसं वाटतं गं?"

म्हणून तुम्हाला विनवते. या बाजूला आलात, तर मालकांना गप्पांत गुंतवा आणि केबिनमधला तो छोटा दिवा लावा. पोरीला एकदा तरी उपयोगी पडू द्या.