गाठ कुठल्या घरची

परभणीत सूक्ष्मदर्शकाखाली काच धरून रोगाचं नाव सांगणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, हे डॉक्टर विष्णुपंतांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की दुसऱ्या कुणाचं नाव निघालं तरी ते विषयच बदलायचे. त्यातून ते नाव कावेरीचं असलं, म्हणजे तर विचारूच नका.

कावेरी सेलूची. औरंगाबादला दोघं एकाच वर्गात. नामांतराच्या दंगलीत परीक्षा लांबल्या, त्या वर्षी पॅथॉलॉजीचं सुवर्णपदक तिनं नेलं आणि विष्णुपंत दुसरे आले. ती मुंबईला एका मोठ्या कॅन्सर इस्पितळात गेली, मधे परदेशातही राहून आली. हे परभणीत दवाखान्यांच्या गल्लीत बोर्ड लावून बसले. दहा वर्षं उलटली तरी मनातलं सलणं काही थांबलं नव्हतं. घरात बायको लीला सहज म्हणायची, "अडलं असेल तर कावेरीताईंना विचारून बघा की," आणि त्या दिवशी ह्यांना जेवण गोड लागत नसे.

अशात दिवाळीच्या तोंडावर आश्रुबाची गाठ आली. आश्रुबा पालमकडचा शेतकरी, पस्तिशीचा, चांगला धट्टाकट्टा. मानेला दोन गाठी. सर्जन गोविंदरावांनी त्यातली एक काढून पाठवली. विष्णुपंतांनी काच पाहिली, पुन्हा पाहिली आणि ठामपणे सांगितलं, लिम्फोमा. म्हणजे पांढऱ्या पेशींचा, गाठींत वाढणारा कॅन्सर.

गोविंदराव घुटमळले. "पंत, माणूस तरणा आहे. एवढी कडक औषधं सुरू करायची तर खात्री हवी. कावेरीबाई सेलूला आल्यात दिवाळीला. एकदा त्यांच्या नजरेखालून घालू."

"घाला की! आमचं काय?" विष्णुपंत म्हणाले. आतून मात्र त्यांचा नुसता जळफळाट झाला.

कावेरी आली ती थेट त्यांच्याच स्टुलावर बसली. त्यांच्याच सूक्ष्मदर्शकात डोळा घालून तिनं बराच वेळ पाहिलं. "विष्णुपंत, राग मानू नका. मला ही साधी सूज वाटते. पण नुसत्या काचेवरून छातीठोक सांगणं कठीण आहे, मलाही आणि तुम्हालाही. दुसरी गाठ काढून ताजी द्या. आम्ही आता पेशींमधले जनुकच तपासतो."

'आम्ही आता!' हे दोन शब्द विष्णुपंतांना मुंगळ्यासारखे डसले.

बाहेर बाकावर आश्रुबाची बायको मनकर्णा बसली होती. कावेरी तिच्या शेजारी टेकली. "वाकळ शिवता ना घरी? कुणी कुठलं ठिगळ कुठं जोडलं, त्यावरून वाकळ कुठल्या घरची ते ओळखता की नाही? रोगाशी लढणाऱ्या पेशींचंही तसंच असतं. प्रत्येक पेशी आपल्या जनुकाचे तुकडे कापून आपल्या तऱ्हेनं जोडते. साधी सूज असली तर गाठीत नाना तऱ्हेच्या जोडण्या सापडतात. पण सगळ्या एकसारख्या निघाल्या, तर ती सगळी एकाच बिघडलेल्या पेशीची पिलावळ. मग तो कॅन्सर. आणि त्या पेशी मूळ कुठल्या घराण्यातल्या, तेही त्या जोडणीवरून कळतं."

"मंजी येगयेगळ्या निघाल्या तर बरं," मनकर्णा म्हणाली.

"अगदी बरोबर."

"लय सोपं करून सांगितलंत बाई. आमचे डाक्टरसायब तर कायबी सांगत न्हाईत."

दारात उभ्या विष्णुपंतांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. समजावून सांगायला त्यांना कुणी अडवलं होतं? पण हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. कावेरीनं आपलं गिऱ्हाईकसुद्धा पळवलं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

दुसरी गाठ निघून विष्णुपंतांकडे आली तेव्हा, एरवी गाठी टिकवायला वापरतात ती फॉर्मालिनची बाटली हाताशीच होती. गाठ तीत पडली असती तर जनुक कामातून गेले असते आणि कावेरीची तपासणी तिथंच बारगळली असती. क्षणभर हात तिकडे वळलाही. पण मग विष्णुपंतांना त्याहून गोड विचार सुचला: तिच्याच तपासणीनं तिला खोटं पाडायचं.

मग काय विचारता! ते स्वतः स्कूटरवरून बर्फाच्या कारखान्यात गेले. बर्फ फोडून घेतला, थर्मासात भरला, गाठीची डबी त्यात बसवली आणि कावेरीला गाडीत बसवून देताना वाटेत बर्फ कुठं कुठं मिळेल तेही सांगितलं. गोविंदराव भारावून म्हणाले, "पेशंटवर जीव टाकावा तर पंतांनी!" विष्णुपंतांनी ही शाबासकी लाजत लाजत पदरात पाडून घेतली.

निकालाला वेळ लागणार होता. दवाखान्याच्या वाटेवर मारुती होता, तिथं ते रोज हात जोडायचे. आता ते एक मागणं जोडू लागले: सगळ्या एकसारख्याच निघू देत. आपण काय मागतोय हे त्यांना कळत नव्हतं असं म्हणावं, तर माणूस पॅथॉलॉजिस्ट. पण त्या मागण्यात कावेरी होती. आश्रुबा कुठंच नव्हता.

मनकर्णा मधे दोनदा एस.टी.नं येऊन गेली. "आलं का सायब काई?" विष्णुपंत मान हलवायचे. तिच्याइतकीच घाई त्यांनाही होती.

अखेर एका सकाळी मुंबईहून ट्रंक कॉल आला. खरखरीतून कावेरीचा आवाज आला, "विष्णुपंत, तुमचं बरोबर निघालं. सगळ्या पेशींची जोडणी एकच. फिल्मवर एकच नवा पट्टा आलाय, आणि तो प्रतिपिंडाच्या जनुकाचा. म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींचाच लिम्फोमा. मी चुकले. तुमची नजर माझ्याहून चांगली आहे, हे मी कॉलेजातच म्हणायला हवं होतं."

"अहो, चालायचंच," विष्णुपंत मोठ्या मनानं म्हणाले आणि फोन ठेवून खुर्चीतच नाचायचे बाकी राहिले. दहा वर्षांचं जळणं एका फोनानं विझलं होतं. त्यांनी खिशातून नोटा काढल्या आणि लॅबमधल्या तात्यारावांना हाक मारली. "पेढे आणा! मुंबईचा निकाल आला. जो दिसेल त्याला द्या!"

तात्याराव पेढे घेऊन आले. विष्णुपंतांनी एक तोंडात टाकला, गोविंदरावांना फोन लावला, सगळं रंगवून सांगितलं. गोविंदराव हळूच म्हणाले, "अरेरे," तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. दुसरा पेढा तोंडात टाकून ते बाहेर आले.

बाकावर आश्रुबा आणि मनकर्णा बसले होते. सकाळच्या एस.टी.नं आले असावेत. खोका घेऊन तात्याराव त्यांच्यापुढं उभे होते. "घ्या. मुंबईचा निकाल आला, सायबांनी वाटायला सांगितलंय."

मनकर्णानं पेढा मोडून आधी नवऱ्याच्या तोंडात घातला, उरलेला आपण खाल्ला. मग धावत येऊन तिनं विष्णुपंतांच्या पायांवर डोकं ठेवलं. रडत होती, हसतही होती.

"येगयेगळ्या निघाल्या न्हवं सायब? तात्या पेढा द्यायले, तवाच वळखलं मी. ह्यान्ला घास जात नव्हता इतके दीस. लेकरांसाठी आजून एक घेऊ का?"

विष्णुपंतांच्या तोंडात पेढा होता. तो थुंकता येईना आणि गिळता येईना. मागं आश्रुबा हात जोडून उभा होता, आणि त्याच्या मिशीला पेढ्याचा कण लागला होता.

"दोघं आत या," विष्णुपंत कसेबसे म्हणाले.

मनकर्णा पदरानं डोळे पुसत, हसतच आत आली.